बारा वर्षांच्या आत

धुळ्यात रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर, लिंबाखाली माझं टेबल आहे. स्टॅम्प विकायचे आणि दस्त टाइप करून द्यायचे, हा माझा धंदा. नाव लीलाधर. अठ्ठावीस वर्षांत मी खरेदीदार पाहिले, विकणारे पाहिले, भाऊबंदकी तर रोजच पाहतो. पण घरमालकासारखा घाबरट प्राणी मी दुसरा पाहिला नाही. भाडेकरू सही करतो आणि निघून जातो. घरमालक परत येतो. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिटमधून कापता येतं का? त्याच्याकडे पाहुणे किती दिवस राहिलेले चालतात? लाइटचं मीटर त्याच्या नावावर केलं तर घर जाईल का? आणि सगळ्यात शेवटी, खुर्ची पुढे ओढून, आवाज बारीक करून तो एकच प्रश्न येतो: ते बारा वर्षांचं काय म्हणतात?

मोतीलाल नानांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. म्हणून मला ते आवडायचे.

नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिअरबॉक्स डोळे मिटून उघडायचे, पण कागद हातात आला की घाम फुटायचा. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी देवपूर भागातल्या घरावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर चढवलं. पेन्शन एवढीशी, मुलगा प्रशील पुण्यात, तेव्हा वरच्या भाड्यात दोघा म्हाताऱ्यांचं भागेल, असा साधा हिशेब. भाडेकरू ठेवताना नानांची एकच अट होती. आडनाव विचारायचं नाही. तरुणपणी शिरपूरला बदली झाली तेव्हा पाच घरी त्यांना आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगितलं गेलं. ते त्यांनी मनात ठेवलं होतं.

तर अशा नानांकडे अन्वर आला. पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करायचा. बायको जुबेदा, तिला सातवा महिना लागलेला. मुलगी झाली ती या घरात आल्यावर, नाव आयत. रुक्माबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तिला तेल लावून पायावर घेऊन अंघोळी घातल्या. पोरगी बोलायला लागली ती खाली नानांच्या ओट्यावर, त्यामुळे घरात हिंदी आणि जिन्याखाली पक्की अहिराणी.

दर अकरा महिन्यांनी नाना आणि अन्वर एकाच स्कूटरवर बसून माझ्याकडे यायचे. अन्वर चालवायचा, नाना मागे. जुन्या करारातली तारीख बदलायची, हजार-पाचशे भाडं वाढवायचं की नाही यावर दोघं उलटे भांडायचे. अन्वर म्हणायचा वाढवा, नाना म्हणायचे राहू दे. नोटरी व्हायची, चहा व्हायचा, स्कूटर परत. शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा आला त्या साली नाना माझ्यावरच चिडले, जणू सरकार मी चालवतो. असे बारा-तेरा करार मी टाइप केले. एकदाही कुणी ओळ वाचून पाहिली नाही.

यंदा चौदा एप्रिल झाली आणि दुसऱ्याच दिवशी नाना एकटे आले. रिक्षाने. तिथेच मला कळायला हवं होतं.

खुर्ची पुढे ओढली. आवाज बारीक केला.

"लीलाधरभाऊ, बारा वरीस व्हयनात का घर भाडेकरूनं व्हई जास, हाई खरं शे का?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बठ्ठाच सांगतस!"

सगळे म्हणजे कोण, तर पहिला चिंधा. वर्कशॉपमधला जोडीदार. जयंतीच्या मांडवात, अन्वर वर शिडीवर लाइटच्या माळा बांधत होता, खाली चिंधाने विचारलं, हा कधीपासून राहतो तुझ्याकडे? नानांनी अभिमानाने सांगितलं, जूनमध्ये बारा वर्षं होतील. चिंधाने कपाळाला हात लावला. म्हणाला, मेला तू. मग नानांनी प्रशीलला फोन केला. प्रशीलने पुण्याहून चार व्हिडिओ पाठवले. एकात टाय बांधलेला माणूस सांगतो, बारा वर्षांनी मालकी जाते. दुसऱ्यात सांगतो, जात नाही. तिसऱ्यात सांगतो, जाऊ शकते. चौथा बघता बघता मध्येच जाहिरात लागली आणि नानांना ती बंद करता आली नाही. दुधवाल्याने सांगितलं, करारच करू नका, कागद झाला की हक्क येतो. दवाखान्याच्या कंपाउंडरने सांगितलं, कागद नसला तरच हक्क येतो. पावती देऊ नका. पावती दिलीच पाहिजे. नानांनी हे सगळं एका वहीत लिहून आणलं होतं, एका पानावर हो, एका पानावर नाही, आणि दोन्ही पानं सारखीच भरली होती.

"माले काहीच समजी नई राहिनं," नाना म्हणाले. "तुम्ही रोजना कागद करतस. तुम्हीच सांगा."

आता इथे माझी चूक. ती मी लपवत नाही, कारण लपवून झाली आहे. मला पक्कं माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं टाइप करतो, पण टाइप करणं वेगळं आणि कायदा जाणणं वेगळं. मात्र समोर माणूस आशेने बघत असला की "मला माहीत नाही" हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत, धंद्याला बाधतात. मी मान डोलवली आणि म्हणालो, "काळजी घेतलेली बरी, नाना. बरेच मालक बारा वर्षांच्या आत एक महिना घर रिकामं करून घेतात. खंड पडला म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून. मग त्यालाच परत ठेवायचं."

हे मी कुठे ऐकलं होतं, आठवत नाही. याच लिंबाखाली ऐकलं असेल.

"पन त्याले काय सांगू? तू मन्हं घर बळकाडशी, म्हनीसन जाय, असं सांगू?"

"गच्ची गळते सांगा. प्लास्टर काढायचंय, महिनाभर काम आहे."

नानांनी तेही वहीत लिहून घेतलं.

अन्वरला सांगितलं तेव्हा त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "कुठे गळते, काका? मला तर दिसली नाही." मग स्वतःच म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणजे गळत असेल, जातो मी एक मेपासून, एक जूनला येतो. वर म्हणाला, वायरिंगला हात लावायचा असेल तर बोलवा, बाहेरच्याला पैसे देऊ नका. नाना मला हे सांगत होते तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

आता मे महिना. धुळ्याचा मे. अन्वरची वर्षाची निम्मी कमाई याच तीस दिवसांत होते. सगळ्या गावाचे कूलर एकदम बिघडतात आणि सगळ्यांना आजच पाहिजे असतात. त्याने देवपुरातच महिन्यापुरती खोली शोधली. दोन ठिकाणी बोलणं झालं, नाव सांगितल्यावर खोलीत पाहुणे येणार असल्याचं मालकांना आठवलं. शेवटी बायको-मुलीला घेऊन तो चाळीसगावला मेहुण्याकडे गेला. पहाटेच्या गाडीने धुळ्याला यायचं, दिवसभर गंजलेल्या टाक्या आणि जळालेल्या मोटारी, रात्री परत. मेहुण्याच्या घरी आधीच सहा माणसं.

इकडे नाना रिकाम्या घराचे राखणदार झाले. नवं कुलूप आणलं. पुरावा पाहिजे म्हणून त्या दिवसाचा पेपर हातात धरून त्यांनी खोली-खोलीत व्हिडिओ काढला. काढताना तोंडाने तारीख सांगत होते. व्हिडिओत मागून रुक्माबाईंचा आवाज येतो. मी तो ऐकला आहे.

"तुमनं डोकं ठिकानवर शे का? ती पोर मन्हा मांडीवर वाढनी. तिन्हा झोका आठे व्हता. काय दखाडतस त्या मोबाइलले?"

नाना व्हिडिओत पुन्हा पहिल्यापासून तारीख सांगायला लागतात.

रुक्माबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, शब्द नाही. नाना रोज संध्याकाळी वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. मला फोन करायचे. खंड महिन्याचा चालतो की पंचेचाळीस दिवसांचा लागतो? मे एकतीस दिवसांचा, मग एक दिवस जास्त झाला तर चांगलं की वाईट? मीटर सुरूच आहे, त्याने खंड तुटतो का? मी काहीबाही उत्तरं द्यायचो. एके दिवशी फोनवर म्हणाले, वर फार शांतता आहे हो. मी म्हणालो, थोडेच दिवस राहिले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रुक्माबाईंनी शेवटी तोंड उघडलं ते एवढंच सांगायला, की लिंबाखालचा सल्ला पुरे, वकिलाला विचारा. म्हणजे मलाच ती चपराक होती, आणि बरोबर बसली. त्या रविवारी नाना मला बरोबर घेऊन सुनंदाबाईंच्या घरी गेले. सुनंदाबाई कोर्टात नावाजलेल्या वकील. फी घेतात, पण बडबड करत नाहीत. त्यांनी तेरा करार एकावर एक ठेवले, चष्मा चढवला आणि पाच मिनिटांत सगळं वाचलं. आम्ही दोघांनी मिळून जे बारा वर्षांत वाचलं नव्हतं ते.

"हे कोणी डोक्यात घातलं तुमच्या?" त्या म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"बारा वर्षांचा नियम वेगळ्या माणसाला," बाई म्हणाल्या. "जो तुम्हाला न जुमानता, मीच मालक म्हणून उघड राहतो त्याला. हा माणूस दर अकरा महिन्यांनी सही करून सांगतोय की घर तुमचं आहे आणि मी तुमच्या परवानगीने राहतो. ही सहीच तुमचं संरक्षण. बारा सोडा, तीस वर्षं राहिला तरी एवढ्यावरून मालक होत नाही. महिनाभर बाहेर काढून काहीही मिळालेलं नाही तुम्हाला."

"मंग मन्ही चूक काहीच नई?"

"आहे ना. करार नुसता नोटरी करता, नोंदवत नाही. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जाईल. भाडं बँकेत घ्या किंवा पावती द्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. आणि यापुढे कुणी सांगितलं म्हणून घर रिकामं करायच्या आधी विचारा."

नानांनी ते एका कागदावर लिहून मागितलं. बाईंनी दोन ओळी लिहून खाली सही केली. बाहेर पायरीवर आल्यावर नाना त्या कागदाकडे बघून लहान मुलासारखे हसले. किती दिवसांनी हसले असतील. म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता चाळीसगाव. एक तारखेची वाट कशाला बघायची? पोरीला घेऊनच येऊ. तुम्ही पण चला.

मी गेलो. मला वाटलं, चांगल्या बातमीत आपणही असावं.

एसटीत नाना खिडकीशी बसले होते आणि बाहेरच्या गरम वाऱ्यातही बोलत होते. रुक्माबाई आता बोलेल. कुलूप काढून टाकतो. आयतला सहावीची पुस्तकं घेऊन देतो. कागद खिशातून काढून दोनदा वाचला.

मेहुण्याचं घर गल्लीत होतं. रविवार, म्हणून अन्वर घरी होता. दारातच मोठं बोचकं आणि दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या. जुबेदा लाजून म्हणाली, आठ दिवस राहिलेत अजून, पण आयतने आजच भरून ठेवलं. आयत धावत येऊन नानांच्या कमरेला बिलगली. "नाना, गच्चीनं काम व्हयनं का?"

"हो काका," अन्वर म्हणाला, "प्लास्टर वाळलं का? या उन्हात लवकर वाळलं असेल."

नाना हसले. मी त्यांच्या शेजारीच होतो. मी कोपराने ढोसलं असतं तरी चाललं असतं. पण मीही हसत होतो.

"प्लास्टर कसानं भो!" नाना म्हणाले. "काहीच नई गळत. मी घाबरी गयथू. बारा वरीस व्हयनात का घर तुन्हं व्हई जास, असं बठ्ठा म्हनी राहिंथात. म्हनीसन तुले महिनाभर बाहेर काढं. आते वकीलबाईनी लिखी दिनं. दख! तीस वरीस राहिना तरी तू काहीच करू शकत नई!"

आणि त्यांनी तो कागद अन्वरच्या हातात दिला. बक्षीस द्यावं तसा.

अन्वरने वाचला. मराठी त्याला सहज येते. वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मग अगदी साध्या आवाजात, रागावल्यासारखं नव्हे, खरोखर समजत नसल्यासारखं विचारलं, "म्हणजे काका, तुम्हाला वाटलं मी घर घेईन?"

"माले नई रे, लोकस्ले वाटनं."

"पण बाहेर तुम्ही काढलं ना."

जुबेदा पाण्याचे ग्लास घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. म्हणाली, "काका, मागच्या वर्षी नाशिकला तुमचं ऑपरेशन झालं. दीड महिना सगळ्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. कपाटाचीसुद्धा. त्यातच तर घराचे कागद असतात."

आयतला काही कळलं नव्हतं. ती एक पिशवी उचलून दाराशी उभी राहिली होती आणि कधी निघायचं विचारत होती. जुबेदाने तिच्या हातातून पिशवी घेतली आणि आत ठेवली. नाना पाणी न पिता उठले. परतीच्या एसटीत त्यांनी मला तीनदा विचारलं: "मी तर चांगलीच खबर दिनी ना, भाऊ? मंग काय व्हयनं?" तीनदाही मी खिडकीबाहेर बघितलं.

तीस मेला दुपारी अन्वर माझ्या टेबलावर आला. हाताला ग्रीस, शर्ट पाठीला चिकटलेला. पाचशेचा स्टॅम्प मागितला. म्हणाला, एक कागद लिहून द्या, मी सांगतो.

त्याने सांगितलं आणि मी टाइप केलं. मी अन्वर, देवपुरातल्या श्री. मोतीलाल यांच्या घरात त्यांच्या मेहेरबानीने राहिलो. त्या घरावर माझा हक्क नाही, नव्हता, आणि मी कधीही सांगणार नाही. माझी पत्नी जुबेदा हिचाही नाही.

"बस एवढंच?" मी विचारलं.

"आयतचं नावपण घाला," अन्वर म्हणाला. "उद्या मोठी झाल्यावर ती म्हणेल, मी तिथे जन्मले. काका परत घाबरतील."

माझी बोटं थांबली. मी म्हणालो, अरे, याची काही गरज नाही, कायद्याने हे अजिबात लागत नाही, वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय. तो म्हणाला, कायद्यासाठी नाही, काकांना झोप लागावी म्हणून. तेव्हा मी टाइप केलं: माझी मुलगी आयत, वय वर्षे अकरा, हिचाही नाही.

"मग परवा येतोयस ना राहायला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"नाही. गावाच्या टोकाला, मोहाडीकडे एक खोली मिळाली. लहान आहे." तो सही करत होता. "काका वाईट नाहीत हो. पण आता जिना चढताना रोज वाटेल, खाली कुणीतरी दिवस मोजतंय."

स्टॅम्पचे पैसे मी नको म्हणालो. त्याने टेबलावर ठेवले, कागद माझ्याकडे दिला आणि नानांना तुम्हीच द्या म्हणून सांगून गेला. त्याचं उरलेलं सामान जिन्याखाली होतं ते त्याने एक तारखेला टेम्पोतून नेलं. त्याआधी वरच्या खोल्या झाडून घेतल्या. रुक्माबाई रडल्या, जुबेदाही रडली, आणि आयतने नानांना कोपऱ्या-कोपऱ्यात शोधलं, पण नाना संडासात जाऊन बसले होते आणि टेम्पो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी मी कागद घेऊन गेलो. नानांनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक दस्त पूर्ण वाचला, अक्षर-अक्षर, बोट ठेवून. आयतच्या नावाशी बोट थांबलं.

मग त्यांनी तो कागद घडी करून माझ्यापुढे धरला.

"लीलाधरभाऊ," ते म्हणाले, "हाऊ रद्द कसा करतस?"

खरेदीखत रद्द होतं, मुखत्यारपत्र रद्द होतं, मृत्युपत्रही माणूस जिवंतपणी हवं तेव्हा फाडतो. त्या प्रत्येकाचा नमुना माझ्या टेबलावरच्या फाइलीत आहे. नाना कागद पुढे करून बसले होते, आणि मी तो हातात घेतच नव्हतो.